बिनकुलपाच्या गावात किल्लीचे धडे

शिंगणापूरचा माणूस बाहेरगावी गेला की ठरलेला प्रश्न येतो : “खरंच का हो तुमच्याकडं घरांना दारं नाहीत?” चौकटी आहेत, पडदे आहेत, रात्री कुत्रं-मांजर आत शिरू नये म्हणून चौकटीला टेकवायची फळी आहे. कडी-कोयंडा आणि कुलूप मात्र जुन्या घरांना नाही. शनिदेवाची नजर गावावर आहे, चोराचं भलं होत नाही, ही त्यामागची श्रद्धा. २०११ साली युको बँकेनं इथं शाखा काढली तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून तिचा देशभर गाजावाजा झाला. २०१५ साली गावात पोलीस ठाणंही आलं. ते मात्र पाहुण्यांना आपण होऊन कुणी सांगत नाही.

मी याच भागातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. मोकळ्या तासाला पोरांना गुप्त लेखनाचा नाद लावणं हा माझा जुना उद्योग. ज्यांना ‘ट ठ ड ढ ण’च्या पुढं काय येतं ते आठवत नाही, ती पोरं एकमेकांना चोरून चिठ्ठ्या लिहायच्या म्हटल्यावर अख्खी वर्णमाला घडाघडा म्हणू लागतात. शिक्षकाला आणखी काय हवं? या उद्योगातून जे कळत गेलं ते इथं मांडतो आहे.

१. गुपित रीतीत नसतं, किल्लीत असतं.

अक्षराच्या जागी दुसरं अक्षर लिहायचं, ही झाली रीत. कुठल्या अक्षराच्या जागी कुठलं, ते सांगणारी ती किल्ली. पोरांना पहिल्या दिवशी सगळ्यात सोपी रीत देतो. क पासून ळ पर्यंतची ३४ व्यंजनं ओळीनं लिहा. प्रत्येक अक्षर तीन घरं पुढं सरकवा. क चा घ, ख चा ङ, ग चा च. शेवटाला पोचलात की पुन्हा क पासून सुरू, म्हणजे ळ चा ग. काना-मात्रा, अनुस्वार आणि सुटे स्वर जागच्या जागी राहू द्या. मग आपल्या गावाचं नाव होतं :

शनिशिंगणापूर – हबिहिंचदाभूश

पोरं हे नाव तोंडानं म्हणून बघतात आणि हसून लोळतात. रोमन सेनापती ज्युलियस सीझर पत्रं अशीच तीन घरं सरकवून लिहायचा, हे मी नंतर सांगतो. आधी सांगितलं तर इतिहासाचा तास होतो.

यातली रीत म्हणजे ‘सरकवणं’, आणि किल्ली म्हणजे ‘तीन’ हा आकडा. रीत साऱ्या वर्गाला ठाऊक आहे. उद्या दोन पोरांनी चार किंवा अकरा हा आकडा आपसात ठरवला, तर रीत माहीत असूनही बाकीचे बाहेर राहिले पाहिजेत. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या भाषेच्या प्राध्यापकानं १८८३ साली लष्करी संकेतलेखनावर लिहिताना हेच बजावलं होतं : तुमची सगळी यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, इतकी ती पक्की हवी, लपवायची ती फक्त किल्ली. आमच्या वर्गातली सरकवण्याची रीत या कसोटीला टिकत नाही. सरकवून सरकवून किती सरकवाल? ३३ प्रकार करून पाहिले की संपलं. मधल्या सुट्टीत होणारं काम आहे ते.

२. किल्ल्या पुष्कळ म्हणून कुलूप पक्कं, असं नाही.

मग हुशार पोरगं विचारतंच : “सर, सरकवायचंच कशाला? कुठलंही अक्षर कुठंही टाकलं तर?” बरोबर आहे. क च्या जागी ३४ पैकी कुठलंही, ख च्या जागी उरलेल्या ३३ पैकी, असं करत गेलं तर होणाऱ्या किल्ल्यांचा आकडा ३९ अंकी भरतो. एकेक किल्ली लावून बघायची म्हटलं तर आपल्या सात पिढ्या पुरायच्या नाहीत. आकडा ऐकून वर्ग खूश होतो. त्यानंतर मी एक चिठ्ठी फळ्यावर लिहितो :

हागेझ्वा लाचझ्वा झिंझेङाषी रेढ

लिहिणाऱ्यानं कुठली रीत वापरली ते माहीत नाही असं समजा. पहिल्या दोन शब्दांचा शेवट सारखाच आहे : झ्वा. मराठीत शब्दाच्या शेवटी जोडाक्षर आणि काना असं वारंवार काय येतं? च्या. क्वचित ल्या, त्या. धरून चालू की झ म्हणजे च आणि व म्हणजे य. तिसऱ्या शब्दात झ दोनदा आहे : ‘चिंचे…’. आता चिंचेचं झाड न ओळखणारं पोरगं आमच्या शाळेत नाही. ‘चिंचेखाली’ निघालं की ङ म्हणजे ख, ष म्हणजे ल. आणि सगळी अक्षरं तीनच घरं हललीत, हेही उघडं पडलं. ‘शाळेच्या मागच्या चिंचेखाली भेट.’

इथं किल्ली नुसती सरकवण्याची होती म्हणून लवकर सुटलं, हे खरं. पण अक्षरं कशीही विस्कटली असती तरी ‘च्या’ दोनदा आलाच असता, चिंचेतला च दोनदा दिसलाच असता. लिहिणारा अक्षर बदलू शकतो; ते अक्षर किती वेळा आणि कुणाच्या शेजारी येतं, ते बदलणं त्याच्या हातात नसतं. ही खोड भाषेची आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीनं हीच गोष्ट नीट लिहून ठेवली : साध्या मजकुरातली अक्षरं मोजा, गुप्त मजकुरातली चिन्हं मोजा, दोन्हींची उतरंड शेजारी शेजारी ठेवा.

मराठीत ही मोजदाद करायला फार कागद लागत नाही. त, र, न, य, ल, च यांची गर्दी असते. ङ आणि ञ सुटे जवळजवळ भेटतच नाहीत. म्हणून वरच्या चिठ्ठीत ‘ङा’ दिसला की समजावं, कुणीतरी अक्षरांत हात घातला आहे.

३. विभक्तीचे प्रत्यय चुगलखोर असतात.

इंग्रजीत गुप्त मजकूर फोडणारे ‘ई’ हे अक्षर आणि ‘द’ हा शब्द शोधतात. तेच नियम मराठीला लावत बसणाऱ्या पोरांना मी थांबवतो. आपल्याकडं खरा माल शब्दाच्या शेपटाला आहे. चा, ची, चे, च्या, चं : एकच व्यंजन, शब्दाच्या शेवटी, इतके वेगवेगळे स्वर अंगावर घेऊन, दुसरं कुठलं येतं? ला, ली, ले, ल्या हे क्रियापदांचं गणगोत. त्याखालोखाल ने, नी, त. पानभर मजकूर असला की प्रत्ययांच्या रांगेतूनच च, ल, न, त, य एवढी पाच अक्षरं सापडतात. पाच सापडली की उरलेली आपल्या पायानं चालत येतात.

आणि ‘आहे’! काना-मात्रा तशाच ठेवून लिहिणाऱ्याच्या मजकुरात ‘आ’ आणि मागून एकार घेतलेलं एकच अक्षर असा शब्द दिसला, तोही वाक्य संपता संपता, की ते अक्षर बहुधा ह. क्वचित ‘आले’तला ल.

४. काना-मात्रेलाही किल्ली लागते.

हे वरच्याच धड्याचं शेपूट आहे. देवनागरीत अक्षर म्हणजे व्यंजन अधिक स्वर. व्यंजन बदललं आणि मात्रा तशीच ठेवली, तर अर्धा माणूस झाकला आणि पाय उघडे राहिले. ‘हबिहिंचदाभूश’ याच्याकडं पाहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षराला ऱ्हस्व वेलांटी, तिसऱ्यावर अनुस्वार, पाचव्याला काना, सहाव्याला दीर्घ उकार. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावाचं नाव आहे एवढं सांगितलं तर आमच्या पाचवीतली पोरगीसुद्धा मात्रांवरून गाव सांगते. मात्रांची अदलाबदल करायची, काना असेल तिथं एकार वगैरे, हे सुचवलं की पोरं कंटाळतात, कारण लिहिताना जीव जातो. सोय आणि सुरक्षितता यांचं भांडण असं पाचवीपासून सुरू होतं.

५. लक्षात राहणारी किल्ली चांगली, पण तिचं शेपूट तपासा.

३४ अक्षरांचा विस्कटलेला तक्ता पाठ होत नाही. कागदावर ठेवला तर कागद सापडतो. म्हणून जगभर लोकांनी एक युक्ती वापरली : एक शब्द किल्ली म्हणून घ्यायचा, त्यातली अक्षरं आधी लिहायची, मग उरलेली वर्णमाला ओळीनं. लक्षात ठेवायचा तो फक्त शब्द.

आमच्याकडं पोरं कुठला शब्द निवडणार? ‘शनिदेव’. श, न, द, व. त्यापुढं क, ख, ग, घ, ङ, च… यातली श, न, द, व गाळून. आता हा तक्ता खऱ्या वर्णमालेखाली मांडला की क चा श, ख चा न, ग चा द, घ चा व, ङ चा क, असं होत जातं. ‘कुलूप’ लिहिलं की ‘शुयूथ’. कुणाच्या बापाला कळणार नाही.

पण ‘नेवासे’ लिहून बघा. ‘तेरासे’. शेवटचा ‘से’ जसाच्या तसा राहिला. ‘सोनई’चं झालं ‘सोतई’. याचं कारण तक्त्याच्या शेवटाला बघायचं. वर्णमालेच्या क्रमानं किल्लीतलं शेवटचं अक्षर श. तो पुढं उचलून नेला, त्याच्या पुढची ष, स, ह, ळ ही चारही अक्षरं मात्र आपल्याच जागी बसून राहिली. म्हणजे ‘आहे’ हा शब्द या किल्लीनं कितीही बंद केला तरी ‘आहे’च राहतो! मराठीतल्या सगळ्यात जास्त वापरातल्या शब्दांपैकी एक उघडा ठेवून बाकीच्या घराला कुलूप. यावर उतारा सोपा आहे : किल्लीच्या शब्दात ळ येईल असं बघा, किंवा किल्ली लिहून झाल्यावर उरलेली अक्षरं क पासून न मांडता मधूनच, म्हणजे समजा प पासून, मांडायला घ्या.

आणि हो, शिंगणापुरात बसून ‘शनिदेव’ ही किल्ली ठेवू नये. पहिल्यांदा लावून बघितली जाईल ती हीच.

६. बाजारात ही विद्या शाळेच्या आधीपासून आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरचं कापडाचं दुकान आहे. साड्यांच्या खोक्यांवर विक्रीची किंमत आकड्यात आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी भलतंच लिहिलेलं : दोन-तीन अक्षरांचा अर्थहीन शब्द. ती खरेदीची किंमत. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की दुकानावरच्या पोराला नुसत्या नजरेनं कळावं, कुठवर उतरायचं.

याला दहा वेगवेगळ्या अक्षरांचं एक वाक्य लागतं. त्यांचं खरं वाक्य मी लिहिणार नाही, अन्नाला जागलं पाहिजे. नमुन्याला मी वर्गात रचलेलं देतो : ‘रोख घेऊन माल दे, बस’. र म्हणजे १, ख २, घ ३, ऊ ४, न ५, म ६, ल ७, द ८, ब ९ आणि स म्हणजे शून्य. मग ३५० रुपयांचा माल ‘घनस’, आणि १८५ चा ‘रदन’. दहा अक्षरं, दहा अंक, एकही अक्षर दोनदा नाही. किल्ली म्हणून ही मला फार आवडते, कारण वाक्यालाही दुकानाचाच वास आहे.

फोडायची कशी? त्याच पोराला विचारलं. तो दुकानात वाढलेला, म्हणाला, “सर, भाव कायम शून्यावर नाहीतर पाचावर संपतो.” झालं. खोक्यांवरच्या शब्दांची शेवटची अक्षरं गोळा करा. जे सगळ्यात जास्त वेळा येतं ते शून्य, त्याच्या खालोखालचं पाच. आणि खरेदीचा आकडा विक्रीपेक्षा कमीच असणार, तेव्हा पहिल्या अक्षरालाही वरून झाकण बसलं. अल्-किंदीचं नाव न ऐकता पोरगं तिथंच पोचलं होतं. वडिलांना मात्र आम्ही दोघांनी काही सांगितलं नाही.

७. शब्द बदलणं वेगळं, अक्षर बदलणं वेगळं, जागा बदलणं आणखी वेगळं.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जुने व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवायचे. बघणाऱ्याला दिसायचं ते फक्त हलणारं उपरणं. हाताच्या खुणांनी बोलण्याला आपल्याकडं करपल्लवी म्हणतात. दलालांची आणि सराफांची नंदभाषा अशीच. तिच्यात केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. मोल्सवर्थनं आपल्या कोशात हे शब्द टिपून ठेवले आहेत. इथं अक्षराला हात लावलेला नाही, शब्दच्या शब्द बदलला आहे. तो तक्ता घोकल्याशिवाय गत्यंतर नाही आणि अक्षरं मोजून तो सुटतही नाही. उलट पोरांच्या च-च्या भाषेत अक्षरं सगळी खरीच असतात, फक्त जागा सोडतात. ‘मराठी’तला म शेवटाला जातो, पुढं च येऊन बसतो आणि होतं ‘चराठीम’. पोरी ती इतक्या वेगानं बोलतात की फोडायला वेळच मिळत नाही.

८. वाचता न येणं म्हणजे गुप्त असणं नव्हे.

आजोबांच्या पेटीतला मोडीतला कागद घेऊन दर वर्षी कुणीतरी येतं. “सर, ह्याच्यात धनाचा पत्ता असेल का?” बहुतेक वेळा गहाणखत असतं. मोडी ही भरभर लिहायची लिपी होती, लपवायची नव्हे. ज्याला शिकायची आहे त्याला तिचा तक्ता बाजारात मिळतो. किल्ली सगळ्यांना उघड असेल तर त्याला लिपी म्हणायचं.

९. एकच किल्ली आतून आणि बाहेरून चालली तर बरं.

कामसूत्रातल्या ६४ कलांमध्ये ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची एक कला आहे : ठरवून अगम्य केलेलं बोलणं आणि लिहिणं. वात्स्यायनानं नुसतं नाव घेतलं. यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत त्याच्या रीती सापडतात, आणि त्यातल्या एकीला ‘मूलदेवीय’ म्हणतात. तिच्यात अक्षरांच्या जोड्या लावलेल्या आहेत : अ-क, ख-ग, घ-ङ, च-ट, त-प, ञ-ण, न-म, र-ष, ल-स, य-श. जोडीतलं एक आलं की दुसरं लिहायचं, बस्स. गंमत अशी की उलगडतानाही हेच करायचं. बंद करायचा एक तक्ता आणि उघडायचा दुसरा, असं ओझं नाही. वर्गात नवीन पोरांना सरकवण्यानंतर मी आता लगेच हीच रीत देतो. चुका निम्म्यानं कमी होतात.

या जोड्यांनी ‘शनि’ लिहिला तर श चा य आणि न चा म होतो : ‘यमि’. यम हा शनीचा भाऊ, यमी ही बहीण, तिघंही सूर्याची लेकरं. ज्याच्या नावानं ही रीत आहे त्या मूलदेवाच्या मनात असं काही नव्हतं, हे मलाही कळतं. पण पहिल्यांदा हे फळ्यावर उमटलं तेव्हा मागच्या बाकावरून एकानं हात जोडले होते.

१०. किल्ली सांभाळणारे उरले पाहिजेत.

हा धडा वर्गातला नाही. आमच्या तालुक्याच्या मातीत तो आधीपासून पडून आहे.

नेवाशात प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाला टेकून सांगितली असं म्हणतात तो खांब अजून तिथं आहे; शनिवारची गर्दी टाळून आलेल्या पाहुण्यांना मी तिकडं पाठवतो. तिथून गोदावरीकाठानं श्रीरामपूर तालुक्यात गेलं की डोमेग्राम, महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या वास्तव्यानं त्या पंथाला पवित्र झालेलं ठिकाण. दोघांचाही काळ तेरावं शतक, आणि दोघांचाही हट्ट एकच : धर्म मराठीत सांगायचा, बायाबापड्यांना कळेल असा सांगायचा. चक्रधरांच्या मागं पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांचा आग्रह तर प्रसिद्धच आहे. शिष्य संस्कृतात लिहू लागले तर ते अडवायचे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं, ते मराठीतलं पहिलं मोठं गद्य.

आणि मग चौदाव्या शतकात याच पंथानं हे मराठी ग्रंथ संकेतलिपीत घातले. सकळ लिपी ही त्यातली मुख्य. तिचं कर्तेपण परंपरा रवळोबासांना देते. पुढं सुंदरी, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशा आणखी कितीतरी लिप्या निघाल्या. मुळाशी रीत तीच, जी आमची पोरं चिठ्ठीत वापरतात : नागरीतल्या अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर किंवा चिन्ह. तक्ता पंथाबाहेर द्यायचा नाही. पोथी उचलून नेलीत तरी तुमच्या हाती लाकडी फळ्यांत बांधलेला कागद लागणार.

का केलं? काळ धामधुमीचा होता, देवगिरीचं राज्य बुडालेलं. पंथ वैदिक कर्मकांडाला न जुमानणारा, त्यामुळं आतूनही वैरी. शास्त्र अपात्र माणसाच्या हाती पडू नये, कुणी त्यात भेसळ करू नये, ही भीती. या सगळ्याला अर्थ आहे. पण त्याची किंमत काय झाली? अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वाचकाला आपल्या भाषेतलं पहिलं गद्य आहे हेच ठाऊक नव्हतं. लोकांना कळावं म्हणून ज्यांनी संस्कृत टाकलं, त्यांचं मराठी लोकांपासून सुमारे पाचशे वर्षं बंद राहिलं. मला ही गोष्ट महानुभावांबद्दलचा आदर ठेवूनही खुपते. पंथ पंजाबात गेला, तिकडं ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखला गेला, पेशावर-काबूलपर्यंत त्याचे मठ पोचले आणि तिथं मराठी पोथ्या जपल्या गेल्या. लाहोरात कुणीतरी वाचत होतं; नेवाशात मात्र पंथाबाहेर कुणालाच त्या वाचता येत नव्हत्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी या संकेताची उकल केली. पोथीतला मजकूर जुन्या मराठीतला आहे एवढं धरून चाललं की पुढचं काम दुसऱ्या-तिसऱ्या धड्यातलंच : परत परत येणारी चिन्हं, ओळखीचे प्रत्यय, ओळखीची नावं. माझ्या मते राजवाड्यांना त्यात अक्षरांपेक्षा जुन्या मराठीच्या प्रत्ययांचाच अधिक उपयोग झाला असणार, कारण ज्ञानेश्वरीच्या व्याकरणावर इतकं बारकाईनं लिहिणारा दुसरा माणूस तेव्हा नव्हता. हळूहळू काही महंतांनीही मन मोठं केलं आणि पोथ्या दाखवल्या. वि. ल. भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वत’च्या १९१९ च्या आवृत्तीत महानुभाव ग्रंथकार मानानं येऊन बसले. पुढं य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते यांनी आयुष्यं घातली. कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ साली निघालं.

संकेत मोडला ते वाईट झालं का, असं एका मुलीनं विचारलं होतं. तिची आजी महानुभाव. मी म्हटलं, आजीलाच विचार. दुसऱ्या दिवशी निरोप आला : “आजी म्हणती, आता पोथी छापील मिळती, डोळ्याला बरी.”

११. दोन बाजूंना बसलेली माणसं एकच तक्ता वापरतात, तर तो पोचवायचा कसा?

अशा एकाच किल्लीच्या सगळ्या गुप्त लेखनाचा काटा इथं आहे. किल्ली आधी एकमेकांना द्यावी लागते आणि ती देताना कुणी पाहायला नको. महानुभावांत ती गुरूकडून शिष्याकडं समोरासमोर गेली. आमच्या वर्गात ती डब्याच्या झाकणाखालून जाते. मोठी माणसं बँकेचा चार आकडी पिन मोबाइलमध्ये ‘एटीएम काका’ या नावानं, पुढंमागं आकडे जोडून, ठेवतात आणि समजतात की लपला. अख्ख्या महाराष्ट्राचे एटीएम काका त्याच नावानं फोनमध्ये बसलेत! त्यापेक्षा कापडवाल्याची दहा अक्षरं बरी : पिन अक्षरात लिहा आणि वाक्य डोक्यात ठेवा. मात्र फोनवर कुणी साहेब बनून ओटीपी मागितला, तर जगातलं कुठलंच संकेतलेखन कामाला येत नाही, कारण तिथं आपणच किल्ली हातावर ठेवतो.

१२. सोडवल्याशिवाय येत नाही.

म्हणून एवढं वाचलेल्यांना एक गृहपाठ. आमच्या पोरांनी वार्षिक स्नेहसंमेलनाच्या वेळी सूचनाफलकावर ही ओळ लावली होती. मुख्याध्यापकांनी ती दोन दिवस तशीच राहू दिली; त्यांना वाटलं संस्कृत आहे.

गरिखाळी ञळ्मीड्हा खेछी टळड्हा लाचुफ्हांरी हेऊ रहे

व्यंजनं ३४, मात्रा आणि स्वर जागच्या जागी, रीत पहिल्या धड्यातली. ‘ड्हा’ दोनदा आलाय तिकडं आधी बघा, नाहीतर शेवटच्या दोन शब्दांकडं. सरळ किल्लीच हवी असेल, तर शिंगणापूरला येणारा प्रत्येक जण ती बरोबर घेऊनच येतो : साडेसाती. त्यातला अर्धा सोडून द्यायचा.